आबाजींची तहान

माझ्या ताईच्या घरी पंखा लावत नाहीत. पंखे आहेत. बैठकीत एक, माजघरात एक, दोन्ही धुळीनं काळे पडलेले. चांदूर बाजारच्या त्या भागात वैशाखातलं ऊन कसं असतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आलेला पाहुणा दुपट्ट्यानं मान पुसतो, वर बघतो, मग भिंतीवरच्या बटणाकडे बघतो. ताई त्याच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा देते. भाऊजी म्हणतात, "चला, बाहेर बाजेवर बसू. निंबाखाली बरं वाटते." पाहुण्याला वाटतं, लाइन गेली असेल. मला कारण माहीत आहे, कारण त्या दिवसांत मी त्यांच्यासोबत होते.

ताईचं गाव संत्र्याच्या बागांचं. तेव्हा घरात तिघंच असत: ताई, भाऊजी आणि ताईचे सासरे. सासूबाई फार पूर्वीच गेल्या होत्या आणि ताईची मुलगी शिकायला पुण्यात होती. सासऱ्यांना सगळं गाव आबाजी म्हणायचं, मीही तेच म्हणायची; ताई मात्र त्यांना मामाजी म्हणायची. उंच, काटकुळे, डोक्याला कायम मळकट पांढरं दुपट्टं. माणसांशी बेतानं बोलायचे, जनावरांशी भरभरून. मी अमरावतीला राजापेठेत शिकवणीचे वर्ग घेते, मराठी आणि संस्कृतचे, म्हणून त्यांच्या लेखी मी 'मास्तरीन'. दारात पाय ठेवला की विचारायचे, "काय मास्तरीन, पोट्टे काय लिहून रायले पेपरात?" मग मी मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या गमती सांगायची. एका मुलानं 'कपाळमोक्ष'चा अर्थ 'देवदर्शन' लिहिला होता. ते ऐकून आबाजी आवाज न करता हसले, नुसते खांदे हलत राहिले. पुढं वर्षभर शेतात कोणी घसरलं की ते म्हणत, "झालं का देवदर्शन?"

गोठ्यात बैलजोडी होती आणि एक गावरान गाय. गाय घरच्याच गायीची कालवड, आबाजींनी वाढवलेली. त्या हिवाळ्यात ती आटली होती. संत्र्याची तोड सुरू असल्यानं आबाजी आठवडाभर बागेतल्या झोपडीवरच मुक्कामाला होते. जेवणाचा डबा भाऊजी तिकडंच पोचवायचे.

तो रविवार होता. मी सकाळच्या बसनं पोचले तेव्हा ताई अंगणात नव्हती. गोठ्याकडून आवाज येत होता. हंबरणं म्हणावं तर तसा नव्हता. घसा बसलेल्या बाईनं लांब गेलेल्या कोणाला तरी सारखी हाक मारावी तसा. गाय मान ताठ करून उभी होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, वैरणीला तोंड लावलेलं नव्हतं. डोळे कुठं तरी दुसरीकडेच.

"संत्र अटकलं असन घशात," भाऊजी म्हणाले. "मागं त्या लाल्या बैलाचं असंच झालतं. हात घालून काढलं तवा मोकळा झाला."

मला त्यांनी दोर धरायला दिला. ताईनं शिंगं धरली. भाऊजींनी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. संत्र्याच्या झाडांना काटे असतात. तोडीच्या दिवसांत सगळ्यांचे हात ओरबाडलेलेच असतात, भाऊजींचेही होते. ते बराच वेळ चाचपत राहिले. "काईच नाई," म्हणाले, आणि हात बाहेर काढून चिपाडाला पुसला. गाय पुन्हा ओरडली. मला आठवतं, त्या आवाजानं बैल दावणीला मागं सरकून उभे होते.

दुपारी जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून आले. ते गोठ्याच्या आत गेलेच नाहीत. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी गायीकडं पाहिलं, तिची लाळ पाहिली, मागचे पाय कसे लटपटतात ते पाहिलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "हिच्या तोंडात कोणी हात घातला का?"

भाऊजींनी आपला हातच पुढं केला.

"गावात एखादं कुत्रं पिसाळलं होतं का?"

ताईचा चेहरा उतरला. दिवाळीच्या सुमारास एक पिवळं कुत्रं चरणीच्या रानात गुरांमध्ये शिरलं होतं. पोरांनी नाल्यापाशी त्याला मारून टाकलं. गुरांना काही केलंय का, हे कोणी बघितलं नव्हतं.

"खात्रीनं आत्ता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण लक्षणं रेबीजचीच दिसतात. आणि यात खात्री व्हायची वाट बघायची नसते." त्यांनी भाऊजींना नळाखाली बसवलं आणि साबणानं हात धुवायला लावला. भाऊजी उठायला लागले की ते म्हणत, "आणखी धुवा." ताईनं धुतले, मी धुतले. उद्या सकाळी तिघांनी अमरावतीला जाऊन इंजेक्शनं सुरू करायची असं ठरलं. गायीवर आता इलाज नाही, ती एक-दोन दिवसांत जाईल. तिच्याजवळ कोणी जायचं नाही, तोंडासमोर चारा-पाणी धरायचं नाही.

हे बोलणं चाललं असताना आबाजी बागेतून आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं.

"मी आठ रोज झाले बगीच्यातच हावो," ते म्हणाले. "मी तिले पायलंबी नाई." आणि ते ओट्यावर बसले, गोठ्याकडं तोंड करून.

ते खरं होतं. त्या वेळेपर्यंत ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अमरावतीला गेलो. घरी कोणीतरी पाहिजे म्हणून आबाजी मागं राहिले. दवाखान्यात दंडावर सुया झाल्या. भाऊजींच्या हातावर ओरखड्यांच्या भोवती वेगळं औषध टोचलं. धिप्पाड माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "काटे बरे होते बाप्पा यापेक्षा." ताई हसली. मग हसताहसता रडायला लागली.

परतलो तेव्हा ऊन कलतं होतं. गोठ्यातून आवाज येत नव्हता. गाय खाली बसली होती, मान एका बाजूला टाकून. आबाजी ओट्यावर कालच्याच जागी.

"मामाजी, जवळ तं नाई ना गेले तिच्या?" ताईनं विचारलं.

ते म्हणाले, "दुपारपासून तिनं हाक नाई मारली."

ताईनं ते उत्तर म्हणून घेतलं. मीही घेतलं. सकाळी गाय मेलेली होती. गावाबाहेर खोल खड्डा करून, चुना टाकून तिला पुरली.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने कसे गेले ते सांगणं अवघड आहे, कारण वरून पाहता काहीच घडलं नाही. ठरल्या तारखांना ताई आणि भाऊजी अमरावतीला यायचे, आम्ही तिघं सोबत दवाखान्यात जायचो, मग माझ्याकडे जेवायचो. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की वेळेत सुरू केलंय, पूर्ण करा, काळजीचं कारण नाही. डोक्याला ते पटलं होतं. पण त्या विषाणूबद्दल मी कुठं तरी वाचलं होतं की तो रक्तातून धावत नाही. तो नसेत शिरतो आणि नसेच्या वाटेनं, हळूहळू, मेंदूकडं चालत जातो. कधी आठवडे, कधी महिने. हे 'चालत जाणं' माझ्या मनातून जाईना. वर्गात विभक्ती शिकवताना मध्येच घसा कोरडा पडायचा आणि मी टेबलावरच्या बाटलीकडं बघत उभी राहायची. मुलं वाट बघायची. मग मी बाटली उचलायची, घोट घ्यायची, तो खाली उतरला की पुढचं वाक्य बोलायची.

ताईच्या घरी तर रोज सकाळी तो कार्यक्रमच होता. भाऊजी गडव्याभर पाणी घेऊन अंगणात उभे राहत आणि डोकं मागं टाकून गटागटा पीत. ताई त्यांच्या गळ्याकडं बघत राही. पिऊन झालं की ते गडवा उलटा करून दाखवत. "पाय. गेलं. आज नाई मरत मी."

शेजारीपाजारी चहाला येईनासे झाले. कोणी वाईट बोललं नाही, फक्त येईनासे झाले. तोडीच्या बायका पाण्याची बाटली घरून आणायला लागल्या. आबाजी एकदा मला म्हणाले, "मास्तरीन, भेव मोठं खराब असते वो. मानूस पायते, पन पायत नाई." काय म्हणायचं होतं त्यांना, ते मी विचारलं नाही. आमचं सगळ्यांचं लक्ष भाऊजींच्या घशाकडं होतं.

शेवटची सुई झाली. आम्ही राजापेठेत जिलबी घेतली, ताईनं देवापुढं नारळ फोडला. भाऊजी त्या रात्री म्हणे कित्येक दिवसांनी घोरले.

होळीनंतर ताईचा फोन आला. आबाजींच्या उजव्या हाताला मुंग्या येताहेत, बोटांपासून वर कोपरापर्यंत. गावच्या डॉक्टरांनी मानेची नस म्हणून गोळ्या दिल्या होत्या. मी म्हटलं, वय झालंय, शेकून बघ. पुढच्या फोनला ती म्हणाली, त्यांनी चहा बंद केलाय, घशात काहीतरी बसलंय म्हणतात. मला गायच आठवली. पण आबाजींनी गायीला हात लावला नव्हता.

तिसरा फोन भर सकाळी आला. मी वर्गातच होते.

"मामाजींनी गडवा फेकला," ताई म्हणाली. ती फार हळू बोलत होती, शेजारी कोणी ऐकू नये तशी. "पानी तोंडापाशी नेलं अन् फेकून देल्लं. आंग थरथरलं त्याइचं. आता म्हनतात, तहान लागली. देते तं दूर ने म्हनतात. काय करू वो मी?"

त्या रोगाचं नाव तिनंही घेतलं नाही, मीही नाही.

अमरावतीत डॉक्टरांनी त्यांना तपासलं, हातातल्या कागदानं चेहऱ्यावर जरासा वारा घातला. आबाजींची मान मागं खेचली गेली, घसा आवळला, तोंडातून आवाज फुटला. मी तो आवाज ओळखला. ताईनंही ओळखला असणार. तिनं भिंत धरली. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माफ करा आबा." अकोल्याला वेगळ्या शांत खोलीची सोय होईल असं कळलं, म्हणून तिकडं न्यायचं ठरलं.

रुग्णवाहिकेत मागं आबाजी, भाऊजी, ताई आणि मी. काचा घट्ट बंद. फाल्गुनाचं ऊन, आत भट्टी झाली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं घाम असह्य होऊन स्वतःच्या बाजूची काच जरा खाली केली. ड्रायव्हरच्या आणि आमच्या मधल्या पत्र्यातल्या फटीतून वाऱ्याची एक बारीक झुळूक आली. आम्हाला ती कळलीसुद्धा नसती. आबाजींचं अंग धनुष्यासारखं ताणलं. "काच लाव! काच लाव रे!" भाऊजी ओरडले. काच बंद झाली तरी ताई उठली, पदराचा बोळा करून तिनं ती फट बुजवली, आणि अकोला येईपर्यंत दोन्ही हातांनी तो दाबून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

झटका ओसरला की आबाजी अगदी नेहमीसारखे व्हायचे. त्याचंच जास्त भय वाटायचं. भान पूर्ण होतं. मध्येच मला म्हणाले, "मास्तरीन, तुह्या पोट्ट्यायची परीक्षा असन ना आता. तू काहून आली?"

अकोल्यातली खोली अर्ध्या उजेडाची होती, खिडक्यांना जाड पडदे. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की लक्षणं सुरू झाल्यावर यातून कोणी उठत नाही असंच धरून चाला. त्रास कमी व्हावा यासाठी औषधं देता येतील, ती देऊ. भाऊजींनी मान हलवली. ते आत गेले आणि वडिलांच्या पायाशी बसले.

"बाबा, कुत्र चावलं होतं का कुठी?"

"नाई."

"मंग?"

आबाजींनी नजर छताकडं वळवली. मग म्हणाले, "तुमी सुया घ्याले गेलते त्या दिवशी. ते वरडून रायली होती. सकायपासून. मले वाटलं, मी आठ रोज बगीच्यात होतो, मलेच बलावून रायली."

भाऊजींनी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

"गूळ घेऊन गेलो. तिच्यानं गियल्या जाईना. मंग बोटानं आत सारला. दाढ लागली थोडीशी. हात धुतला मी नंतर, पान्यानं. मंग ते चुप झाली. माह्या मांडीवर मान टाकून चुप झाली."

"सांगतलं काहून नाई?" भाऊजींचा आवाज फुटला. "बाबा, सुई होती ना! सगळ्यायनं घेतली! सांगतलं काहून नाई?"

"डाक्टरनं मना केलतं," आबाजी म्हणाले. "अन् घरच्या गायीसाठी सुई कशी घ्याव बावा?"

हे त्यांनी इतकं साधं विचारलं की भाऊजींनी त्यांचे पाय दोन्ही हातांनी धरले.

त्यानंतर ते पाणी मागत राहिले. "सूनबाई, पानी." ताई कापसाचा बोळा ओला करून ओठांपाशी नेई, आणि तो पोचायच्या आत ते तोंड फिरवत, "नको नको, दूर ने." थोड्या वेळानं पुन्हा, "सूनबाई." बाहेरच्या वऱ्हांड्यात एक नळ ठिबकत होता. आम्हाला तो ऐकूही येत नव्हता, त्यांना येत होता. प्रत्येक थेंबाला गळ्याची शीर हलत होती. भाऊजी बाहेर गेले, दुपट्टं काढून त्यांनी नळाला घट्ट गुंडाळलं, आणि थेंब कापडात जिरताहेत ना हे बघत तिथंच उभे राहिले. आत यायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.

डॉक्टरनं गुंगीचं औषध दिलं तेव्हा आबाजींची मूठ सैल झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. झोपेतच गेले. तेवढं तरी.

गावच्या स्मशानात माणसं आली, पण लांब बाभळींच्या ओळीपाशी उभी राहिली. खांदा द्यायला भाऊजी, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि ते जनावरांचे डॉक्टर. पुन्हा एकदा आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, त्यांच्या शुश्रूषेत लाळेचा संबंध आला असेल म्हणून पुन्हा सुया घेतल्या.

ताई बरेच महिने सावरली नाही. माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी सवयीनं पंखा लावला, तशी ती ताडकन उठली आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पदराचा बोळा हातात. तिला स्वतःला कळलं नव्हतं आपण काय करतोय. भर दिवसा भाजी निवडता निवडता ती "आले" म्हणून उठायची आणि माठापर्यंत जायची. तिथं गेल्यावर थांबायची. मी विचारलं तर म्हणायची, "काई नाई, वाटलं." मला तर वाटतं, ती हाक मीही एक-दोनदा ऐकली आहे. माझ्या घरी, राजापेठेत, खाली गाड्यांची गर्दी असताना.

भाऊजींचं वेगळं. ते कोणाशी त्याबद्दल बोललेच नाहीत. एकदाच मला म्हणाले, "दोन मयने मी मरनाची वाट पायली. अन् ते माह्या बाजूले बसून होते, मले पानी पेतांना पाहून खुश होत होते." त्यानंतर तो विषय बंद.

गेल्या उन्हाळ्यात मी ताईकडं होते तेव्हा गावात कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर होतं. तेच जनावरांचे डॉक्टर आले होते. कुत्री धरायचं काम भाऊजींनी अंगावर घेतलं होतं. हाताला जाड कापड गुंडाळून ते गल्लीगल्लीतून फिरत होते. मी आणि ताई मागं मागं.

वेशीजवळच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईनं आपलं कुत्रं द्यायला साफ नकार दिला. पांढरं, एका डोळ्यानं अधू कुत्रं होतं, तिच्या लुगड्याला चिकटून बसलेलं. "माह्या हातची भाकर खाते ते," ती म्हणाली. "त्याले सुई कायले? घरचं हाय ते."

डॉक्टर समजवायला लागले. भाऊजींनी त्यांना हातानं थांबवलं. ते तिच्या ओट्यावर बसले, कापड सोडून बाजूला ठेवलं.

"काकू," ते म्हणाले, "माह्या बापाची गोठ सांगू का तुले?"

गावात सगळ्यांना ती माहीत होती, तिलाही असणार. तरी तिनं त्यांच्याकडं तोंड केलं. भाऊजींनी सांगायला सुरुवात केली. गाय कशी होती, ती फक्त आबाजींनाच कशी दूध काढू द्यायची, ते तिच्याशी काय काय बोलायचे. देवदर्शनाची गंमतसुद्धा सांगितली, म्हातारी हसली. मग गूळ. मग अकोला. पाण्याचं त्यांनी काही सांगितलं नाही. "मंग ते गेले," एवढंच म्हणाले, आणि खाली बघत बसले. ताईनं माझा दंड धरला होता, चांगला घट्ट.

म्हातारी काही वेळ कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिली. मग तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं, त्याचं तोंड आपल्या पदरात झाकलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "टोच बावा. पन हळू टोचजो."